पत्राच्या शेवटच्या दोन ओळी

तंजावूरच्या माणसाचं मराठी पुण्या-मुंबईच्या वाचकाला जरा वाकडं लागतं, हे मला ठाऊक आहे. आमच्या बोलण्यात तमिळ इतकं मुरलंय की कुठला शब्द कुणाचा, हे आम्हालाच सांगता येत नाही. तरी या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या धंद्याबद्दल लिहा" असा आग्रह धरला. दोन वर्षं मी टाळाटाळ केली, यंदा हो म्हटलं. हो म्हणण्याचं कारण धंदा नव्हे. ते मजकुरात त्याच्या जागी येईल. आधीच सांगून टाकलं तर पुढचं लिहिण्याचा धीर मला राहणार नाही.

धंदा साधा होता. दुसऱ्यांची इंग्रजी पत्रं लिहून देणं. पश्चिमेकडच्या राजरस्त्यावर आमच्या घराला तिण्णै आहे, म्हणजे रस्त्याकडचा दगडी ओटा. त्यावर एक उतरतं मेज, दोन दौती, टाकांचा डबा आणि टीपकागद. सकाळी आठापासून उन्हं ओट्यावर चढेपर्यंत मी तिथे बसायचो, अशी पंचवीस वर्षं. तमिळ गिऱ्हाइकं आम्हा मराठी ब्राह्मणांना 'रायर' म्हणतात, मराठी गिऱ्हाइकं मला पंत म्हणत. पितळेचे व्यापारी, भाताचे व्यापारी, विड्याच्या पानांचे अडते, वीणा करणारे आचारी, म्हणजे आमच्याकडचे सुतार, कचेरीत अर्ज करणारे, सगळे येत. मजकूर ते तोंडाने सांगत, कुणी तमिळमध्ये, कुणी मराठीत. मी ऐकून इंग्रजी करायचो, मग परत त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचो, आणि ते सही करत. आपण कशाखाली सही करतो आहोत हे त्यांना माझ्या तोंडूनच कळायचं. हे वाक्य वाचकाने जरा ध्यानात ठेवावं.

बाहेरच्या माणसाला वाटेल की पत्राचा मजकूर लिहिणं अवघड. मजकूर सोपा असतो. माल आला नाही, माल फुटला, पूल वाहून गेला, मुलाला नोकरी द्या. अवघड असतात त्या सहीच्या वरच्या दोन ओळी. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला लिहिताना 'युवर्स फेथफुली', आपला विश्वासू. जुनी ओळख असली तर 'युवर्स ट्रूली'. सरकारी अंमलदाराला लिहिताना मात्र पूर्ण आरास, 'आय हॅव दि ऑनर टु बी, सर, युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट'. म्हणजे, महाराज, आपला अत्यंत आज्ञाधारक चाकर असण्याचा मान मला आहे. यात खऱ्या चाकरीचा संबंध नाही. अंमलदार स्वतः रीतसर पत्राने उत्तर देतो तेव्हा त्याच्या सहीवरही हीच ओळ असते. गोरा साहेब पानांच्या अडत्याचा आज्ञाधारक चाकर होतो, आणि दोघांपैकी कुणालाच त्यात काही वाटत नाही.

शेवटाचं व्याकरणही तिरपागडं. 'आपल्या उत्तराची वाट पाहत' एवढं लिहून आमचे नवशिके सही ठोकतात. वाट पाहतंय कोण? ते वाक्य एका पायावर उभं राहतं. त्याच्यामागे 'आय रिमेन', म्हणजे 'मी राहतो', हे जोडलं की दुसरा पाय टेकतो. वाट पाहत मी राहतो, आपला विश्वासू, अमुक. मी अशी हजारो वाक्यं दोन पायांवर उभी केली, आणि याचा मला गर्व होता. अजूनही थोडा आहे.

पापनाशमचे एक पिल्लै होते, भाताचे व्यापारी. त्यांना आखूड शेवट मुळीच खपायचा नाही.

"रायर, हे काय? दोनच शब्द? मी काय भिकारी आहे?"

"पिल्लैवाळ, व्यापारात एवढंच लिहितात."

"माझ्या मेव्हण्याला तुम्ही साडेतीन ओळी घातल्यात. मी मोजल्या."

"तो कलेक्टराकडे अर्ज होता."

"असेना का! आमच्या घरात पोरगी दिली आहे त्यांनी की आम्ही त्यांच्यात? मलाही तेवढ्याच घाला."

घातल्या. मद्रासेतल्या पोत्यांच्या एका दुकानदाराला पिल्लैंनी आपली परम आज्ञाधारक चाकरी कळवली. पुढच्या खेपेला पोती वेळेवर आली, आणि त्याचं सगळं श्रेय त्या साडेतीन ओळींना मिळालं.

गोपाळराव पितळवाल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांचा हट्ट असा की मराठी पत्राला 'लोभ असावा' लिहितो, तर इंग्रजीला का नाही? मी समजावून थकलो, शेवटी शब्दशः लिहून दिलं. साहेबी दुकानातून उत्तर आलं की आपल्या पत्राच्या अखेरीस प्रेमाचा उल्लेख आहे, तो समयांविषयी आहे की ताटांविषयी, हे कृपया स्पष्ट करावं. गोपाळरावांना मी वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "दोन्हीविषयी म्हणून लिहा की." ते हसत होते, मीही हसत होतो.

आता आबासाहेब.

तंजावूरचं मराठी राज्य खालसा झालं त्याच सुमाराला जन्मलेला माणूस. पण त्यांचे आजोबा दरबारातले मानकरी, आणि आबासाहेबांना ते दिवस स्वतः पाहिल्यासारखे आठवत. ओरत्तनाडूच्या वाटेवर त्यांच्या पणजीने बांधलेलं एक लहानसं छत्र होतं. वाटसरूला एक वेळचं जेवण, पाणी आणि पाठ टेकायला जागा. मोठ्या छत्रांची नावं सगळ्यांना माहीत असतात, याचं नाव गाडीवानांनाच ठाऊक. मालकी सरकारकडे गेली होती, देखरेख तेवढी या घराकडे चालत आली होती. आबासाहेब रोज सकाळी रेकल्यातून, म्हणजे एका बैलाच्या हलक्या गाडीतून, तिथे जात, पहिल्या पंगतीत भात वाढून होईपर्यंत उभे राहत, आणि मगच घरी येऊन जेवत. याशिवाय त्या माणसाला दुसरं काम नव्हतं, आणि दुसरी ओळखही नव्हती.

मग कचेरीतून कागद आला. छत्राचा उपयोग कमी झाला आहे, इमारत दुसऱ्या कामाला घ्यावी असा विचार आहे, हरकत असल्यास कळवावी. तो घेऊन ते माझ्या ओट्यावर आले. वय पासष्टीचं, अंगरखा जुना पण पांढरा स्वच्छ, मिशा पिळदार. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, सही मोडीत करायचे.

मी हरकतीचं पत्र लिहिलं आणि मराठीत वाचत वाचत शेवटाला आलो.

"आपला अत्यंत आज्ञाधारक चाकर," मी वाचलं.

"कोण?" ते म्हणाले.

"आपण. म्हणजे सही करणारा."

"पंत, माझ्या आजोबांनी राजापुढे मुजरा केला. तो राजा होता. हा कोण? मी याचा चाकर कधी झालो?"

"आबासाहेब, नुसती पद्धत आहे."

"पद्धत तुमची असेल. मी खोट्यावर सही करत नाही. ते काढा."

त्यांच्या लेखी कागदावर लिहिलेला शब्द म्हणजे शपथ. जुन्या दरबारी पत्रात कोण कुणाला काय लिहितो यावरून माणसाची पायरी ठरायची. नमस्कार लिहायचा की दंडवत, की नुसता आशीर्वाद, यावरून घराण्यांची भांडणं पिढ्यान्‌पिढ्या चालत. आबासाहेब ते ऐकत वाढलेले. एका ओळीने पायरी खाली गेली तर ती परत वर येत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मी म्हटलं, "बरं, काढतो." नवा कागद घेतला, सगळं पत्र परत उतरवलं, शेवटी तीच ओळ लिहिली आणि वाचून दाखवलं, "विशेष काय लिहिणे, लोभ असावा ही विनंती."

"हं. आता झालं बरोबर," म्हणाले, आणि खाली वळणदार मोडीत सही केली.

दोन वर्षांत अशी अकरा पत्रं गेली. दर पत्राची नक्कल मी त्यांना द्यायचो, ते ती रेशमी रुमालात बांधून ठेवत. कचेरीची उत्तरं माझ्याकडे राहत, पुढचं पत्र लिहायला लागत म्हणून. ती मी वाचून दाखवायचो, पण मजकुरापुरती. साहेबाच्या सहीवरची ओळ एकदाही वाचली नाही. शेवटी हुकूम आला की आबासाहेब हयात असेतोवर छत्र आणि देखरेख आहे तशी चालू राहील. त्या दिवशी छत्रात पायसम झालं, आणि मला पहिल्या पंगतीत बसवून त्यांनी स्वतः वाढलं. मी दोनदा घेतलं.

त्यांची नात तुळसा तिरुचिरापल्लीला मुलींच्या वसतिगृहात राहून शिकत होती. उन्हाळ्याच्या सुटीत घरी आली होती, परतायच्या आदल्या संध्याकाळी आजोबांनी कौतुकाने रुमाल सोडला. बघ, आम्हीही इंग्रजी पत्रं लिहितो. पोरीने मोठ्याने वाचायला घेतलं, आणि शेवटपर्यंत वाचलं. शाळेत तिला शेवटपर्यंत वाचायला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेकला छत्राकडे न जाता माझ्या दारात थांबला. आबासाहेब ओट्यावर चढले, पण बसले नाहीत.

"अकराही पत्रांत?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मला वाचून दाखवलंत ते काय होतं?"

"आपल्याला बरं वाटावं म्हणून... त्या ओळीशिवाय अर्ज कुणी हातात धरला नसता, आबासाहेब. रिवाज आहे तो."

"रिवाज आहे?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "मग तो साहेब मला असं लिहितो का?"

साहेबाची पत्रं माझ्या पाठीमागच्या फडताळात होती. हात लांब केला असता तर मिळाली असती. चार पत्रं, चारही रीतसर, आणि चारही पत्रांवर साहेब आबासाहेबांचा अत्यंत आज्ञाधारक चाकर होता. एक काढून दाखवलं असतं तर ते कदाचित मोठ्याने हसले असते, ओट्यावर टेकले असते, पाणी मागितलं असतं.

मी म्हणालो, "नाही."

हे 'नाही' माझ्या तोंडून का आलं, याची मी पुष्कळ वर्षं वेगवेगळी उत्तरं देत आलो. गडबडलो होतो. दोन वर्षं इतकी साधी गोष्ट का सांगितली नाहीत, असं विचारतील याची लाज वाटली. ही उत्तरं खोटी नाहीत, पण त्यांच्या खाली आणखी एक आहे. माझे आजोबा आबासाहेबांच्या आजोबांकडे कारकून होते. चौकात पागोटं सावरत, जोडे हातात धरून उभे राहायचे, आणि खुणेने बोलावलं की पुढे जायचे. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जायची, मला ती ऐकताना घाम यायचा. त्या घरच्या माणसाच्या नावावर मी अकरा वेळा 'चाकर' लिहिलं, तेव्हा मला आत कुठेतरी बरं वाटत होतं. आणि साहेबही त्यांचा तसाच चाकर आहे हे सांगितलं असतं, तर ते बरं वाटणं माझ्याकडून गेलं असतं. पन्नाशी उलटल्यावर हे लिहिता येतं आहे. तेव्हा स्वतःशी म्हणताही आलं नव्हतं.

आबासाहेब म्हणाले, "टाक घ्या. आता मी सांगतो ते लिहा."

त्यांनी हळूहळू, एकेक वाक्य तोलून मजकूर सांगितला. आधीच्या अकरा पत्रांतली ती ओळ माझी नव्हे, ती मी परत घेतो, आणि त्यापायी छत्र काढून घ्यायचं असेल तर काढून घ्या. मी ते मराठीत उतरवलं. मग माझे हात थांबले. हे पत्र गेलं तर दोन गोष्टी व्हायच्या. छत्र जाण्याची भीती होती, आणि लेखकाने खोटं वाचून सह्या घेतल्या हे कचेरीला कळलं असतं, म्हणजे माझा ओटा उठला असता. मी त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या डोळ्यांदेखत, इंग्रजीत दुसरंच पत्र लिहिलं. देखरेख चालू ठेवल्याबद्दल मी सरकारचा ऋणी आहे, आय हॅव दि ऑनर टु बी, सर. तीच ओळ, बारावी खेप.

"सांगितलं तसंच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"तसंच."

त्यांनी सही केली. पत्र मी स्वतः टपालात टाकलं. तुळसा त्याच सकाळी परत वसतिगृहात गेली होती, आणि नक्कल मी मुद्दाम त्यांच्याकडे दिली नाही. महिन्याने कचेरीचं उत्तर आलं, आपलं पत्र पोचलं, आभारी आहोत. मी वाचून दाखवलं, "साहेब म्हणतात, मजकूर कळला, आमची काही हरकत नाही."

त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो. खांदे सरळ झाले. पुढचं दीड वर्ष, जगले तेवढे दिवस, ते छत्रात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. "साहेबाला स्पष्ट लिहिलं मी, चाकर नाही म्हणून. छत्र गेलं तर जाऊ दे म्हटलं. तो काही बोलला नाही. माणूस समजूतदार." गाडीवानांना सांगितलं, भटांना सांगितलं, तुळसेला तर प्रत्येक सुटीत. माझ्यावरचा रागही गेला. वाटेत दिसले की रेकला थांबवत. "काय पंत, बरं आहे ना?" त्या विचारण्याने मला नंतर दोन-दोन दिवस जेवण जात नसे.

ते गेले, छत्रही बंद झालं. माझा ओटाही मागच्या साली मी आवरला. टंकयंत्रावर खडखड करणारे बी.ए. झालेले लोक आता गल्लोगल्ली आहेत.

आणि यंदा पोंगलनंतर तुळसाबाई माझ्या दारात आल्या. आता त्या इथल्याच मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवतात, केस कानांवर पांढरे होऊ लागलेत. मी त्यांना पहिल्यापासून अगं-तुगं करत आलो, त्या मला पंतमामा म्हणतात.

"पंतमामा, आजोबांचं ते पत्र तुमच्याकडे असेल. रुमालात अकराच आहेत."

"कशाला हवं आहे?"

"कशाला म्हणजे? दर वर्षी मुलींना सांगते मी. पत्र कसं संपवावं हा धडा आला की सांगते, माझ्या आजोबांनी चाकर म्हणून घ्यायचं नाकारलं, आणि साहेबाने ऐकलं. यंदा एकीने विचारलं, बाई, तुम्ही ते पत्र पाहिलंत का? पाहिलं नाही की मी. आजोबांच्या तोंडून ऐकलं तेवढंच."

वाळवीने खाल्लं, असं म्हणायला मी तोंड उघडलंही होतं. इतक्या वर्षांच्या सवयीने ते वाक्य तयारच होतं. पण ती समोर तशीच उभी होती, बसायला सांगितलं तरी न बसता. मी उठलो, फडताळ उघडलं, आणि बाराव्या पत्राची नक्कल आणि साहेबाची सगळी उत्तरं तिच्या हातात दिली.

तिने उभ्यानेच वाचलं. नक्कल दोनदा वाचली. मग उत्तरं एकेक करून, शेवटपर्यंत. मी रस्त्याकडे पाहत बसलो. समोरून पानांच्या टोपल्या घेऊन एक गाडी गेली, तिचा आवाज कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकू येत होता.

"साहेबही त्यांना हेच लिहीत होता," ती म्हणाली.

"हो."

"आजोबांना सांगितलं होतं तुम्ही?"

"त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हटलं."

"का?"

मी सांगितलं. वर लिहिलं आहे ते सगळं, माझ्या आजोबांच्या हातातल्या जोड्यांसकट.  माझं संपल्यावर ती म्हणाली, "अय्यो, पंतमामा. मी किती मुलींना सांगितलंय."

मला वाटलं आता ती निघून जाईल. पण ती ओट्यावर बसली, पिशवीतून वही आणि टाक काढला.

"त्यांनी खरं काय सांगितलं होतं? आठवतं?"

"अक्षर न् अक्षर."

"सांगा. मराठीतच सांगा. माझं देवनागरी हळू आहे, थांबत थांबत सांगा."

तो मराठी कागद मी त्याच संध्याकाळी चुलीत घातला होता. त्याने काही उपयोग झाला नव्हता. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. जसं तिला सांगितलं तसंच इथे देतो.

"मेहेरबान साहेबांस. ओरत्तनाडूच्या वाटेवरील छत्राची देखरेख आपण माझ्याकडे ठेवली, हे चांगलं केलंत. वाटसरूला भात मिळतो. परंतु आधीच्या अकरा पत्रांखाली मी आपला चाकर असल्याचं लिहिलं गेलं. ते माझ्या माघारी लिहिलं गेलं, मी ते परत घेतो. मी चाकर त्या पंगतीचा आहे, आणखी कुणाचा नाही. एवढ्यासाठी छत्र काढून घ्यावंसं वाटलं तर घ्यावं. मात्र ज्या दिवशी घ्याल त्या दिवशी सकाळची पंगत उठू द्यावी आणि मग कुलूप लावावं. लिहिणाऱ्याला शिक्षा करू नये, त्याला पोरंबाळं आहेत."

शेवटचं वाक्य सांगताना मला दोनदा थांबावं लागलं. तिने टाक उचलून धरला आणि वाट पाहिली.

"आणि खाली काय? शेवट कसा केला?"

"मीही विचारलं होतं. म्हणाले, मजकूर संपला की माणसाने नाव लिहावं आणि गप्प बसावं."

तिने आजोबांचं पूर्ण नाव लिहिलं, टीपकागद मागून घेतला, शाई टिपली आणि पान वहीत मिटलं. साहेबाची पत्रंही घेतली. बाराव्या पत्राची नक्कल मात्र तिने मेजावर माझ्यापुढे सरकवली.

"हे तुमचं आहे," ती म्हणाली, आणि ओट्यावरून उतरली.